एच-इंडेक्स पाच आणि फवारणीवाल्यांच्या रक्ताच्या नोंदी

आदरणीय सर,

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुदानित कॉलेजात रसायनशास्त्र शिकवते. पीएच.डी. शिफ बेस (कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंध असलेली संयुगं) आणि त्यांच्या धातूंच्या कॉम्प्लेक्सवर झाली. २०१७ साली आमच्या भागात फवारणीतून विषबाधा झाली, तेव्हा आमच्या वावरात कामाला येणारा एक माणूस बरेच दिवस दवाखान्यात होता. तो वाचला, पण तेव्हापासून मी हा विषय धरला. प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांच्या मदतीनं मी फवारणी करणाऱ्या मजुरांच्या रक्तातलं कोलिनेस्टरेज मोजते, म्हणजे काही कीटकनाशकांमुळे उतरणारं एन्झाइम. त्यावर दोन पेपर आले. एकाला चार सायटेशन (म्हणजे इतरांनी आपल्या पेपरात केलेले उल्लेख), दुसऱ्याला शून्य. माझा एच-इंडेक्स, म्हणजे सायटेशनवरून निघणारा आकडा, पाच, तोही जुन्या शिफ बेसच्या पेपरांमुळे. आमच्याच विभागातल्या नॅनोमटेरियलवाल्या सरांचा एकोणीस आहे, गेटवर त्यांचा फ्लेक्स लागला. माझी प्रोफेसरपदाच्या बढतीची, कॅसची (करिअर अ‍ॅडव्हान्समेंट स्कीमची) फाइल पुढच्या वर्षी आहे. एका एजंटानं फोन करून स्कोपसच्या (संशोधन पेपरांच्या जागतिक सूचीतल्या) पेपरात चौथं नाव घालून देतो म्हटलं, रक्कम सांगितली, आणि त्यांच्या ग्रुपात आले तर सायटेशनही वाढवून देऊ म्हणाला. मिस्टर म्हणतात, सगळेच करतात, तूच काहून मागं राहतेस? सर, खेड्यातल्या केमिस्टनं टॉक्सिकॉलॉजीच्या नादी लागावं का? की हे सोडून पुन्हा शिफ बेस करावे?

— एक वाचक, जि. यवतमाळ

ताई,

आधी त्या एजंटाचं उरकून टाकतो. त्याला नाही म्हणा आणि पुन्हा फोन आला तर उचलू नका. त्यातलं बरं-वाईट मी तुम्हाला समजावण्याची गरज नाही, ते टोचतंय म्हणूनच तुम्ही पत्र लिहिलंत. पण मिस्टरांना हिशेब पटत असेल तर हिशेब मांडून दाखवा. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत संशोधनाच्या गुणांचा तक्ता आहे. इम्पॅक्ट फॅक्टर (जर्नलमधल्या पेपरांना सरासरी किती सायटेशन मिळतात तो आकडा) नसलेल्या रेफरीड, म्हणजे तज्ज्ञांकडून तपासून छापणाऱ्या जर्नलमधल्या पेपरला ५ गुण, इम्पॅक्ट फॅक्टर एकच्या खाली असेल तर १०, एक ते दोन असेल तर १५, दोन ते पाच असेल तर २०. लेखक दोनपेक्षा जास्त असले तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला त्यातले ७० टक्के मिळतात आणि बाकीच्या प्रत्येकाला ३० टक्के. म्हणजे एजंटानं वीस गुणांचा पेपर दिला तरी चौथ्या नावाच्या पदरात सहा गुण. तुमचा स्वतःचा, पहिल्या नावाचा पंधरा गुणांचा पेपर तुम्हाला साडेदहा देतो. आणि ज्या एच-इंडेक्ससाठी तुमची झोप उडाली आहे, त्याला त्या तक्त्यात रकानाच नाही.

शिवाय विकतचा पेपर टिकत नाही. यूजीसीनं २०१८ मध्ये आपल्या मान्य यादीतून ४३०५ जर्नल एका फटक्यात काढली. २०२३ या एका वर्षात जगभरात दहा हजारांहून जास्त पेपर मागे घेतले गेले, आणि त्यांतला मोठा भाग पीअर रिव्ह्यूत फेरफार केलेल्या, पेपर मिलमधून, म्हणजे विकण्यासाठी बनावट पेपर तयार करणाऱ्यांकडून, आलेल्या कामाचा होता. मागे घेतलेल्या पेपरवरचं नाव पुसलं जात नाही. ते ‘रिट्रॅक्टेड’च्या शिक्क्यासकट कायम शोधता येतं. तुमचा हात लागलेला प्रत्येक खरा आकडा त्या शिक्क्यामुळं संशयात जाईल, आणि तुमचे आकडे माणसांच्या रक्ताचे आहेत.

आता तुमच्या खऱ्या प्रश्नाकडे येतो.

नॅनोमटेरियलच्या एकोणीसशी तुमच्या पाचची तुलना करू नका. एच-इंडेक्सची कल्पना होर्हे हिर्श या भौतिकशास्त्रज्ञानं २००५ साली मांडली. ज्याचे पाच पेपर प्रत्येकी किमान पाच वेळा उद्धृत झाले, त्याचा एच-इंडेक्स पाच. एखाद्या क्षेत्रात किती माणसं लिहितात, त्यांच्या पेपरात किती संदर्भ असतात, त्यावर हा आकडा हलतो. नॅनोमटेरियलवर जगात लाखो माणसं लिहीत आहेत. यवतमाळच्या पऱ्हाटीत फवारणाऱ्या मजुराच्या एन्झाइमवर लिहिणारे मोजके. त्या सरांचं काम चांगलं असेल, त्यांचं कौतुक व्हायलाच हवं, पण दोन्ही आकडे एका फूटपट्टीवर ठेवले तर काहीच कळत नाही.

सायटेशनचा निर्देशांक ज्यानं घडवला तो यूजीन गारफिल्ड रसायनशास्त्राचाच पदवीधर होता. १९५५ मध्ये ‘सायन्स’मध्ये त्यानं ही कल्पना मांडली तेव्हा त्याला माणसांची क्रमवारी लावायची नव्हती. एखाद्या पेपरानंतर त्या विषयाचं पुढं काय झालं, कोणी तो पडताळला, कोणी खोडला, हे वाचकाला शोधता यावं, हा हेतू होता. तुम्हीही सायटेशनकडे तसंच पाहा: माझं काम कोणाला सापडलं आणि त्यानं त्याचं काय केलं?

असं पाहिलं की आपल्या विषयातली एक गोष्ट फार स्पष्ट दिसते. ती तुम्हाला कळावी म्हणूनच हे उत्तर लांबवतो आहे. विषशास्त्रात आणि औषधशास्त्रात रसायनशास्त्रज्ञाचं नाव टिकतं ते बहुधा मोजमापामुळे. जगात सर्वांत जास्त उद्धृत झालेला पेपर कोणता? ऑलिव्हर लौरी आणि सहकाऱ्यांचा, १९५१ चा, प्रथिनं मोजण्याच्या पद्धतीवरचा. २०१४ मध्ये ‘नेचर’नं यादी केली तेव्हा त्याची सायटेशन तीन लाखांच्या वर होती. त्यात कुठलाही मोठा सिद्धांत नाही. प्रथिन किती आहे ते विश्वासानं कसं मोजावं, एवढंच आहे, आणि ते प्रत्येकाला लागतं.

तुम्ही रोज जी पद्धत वापरता तीही तशीच. जॉर्ज एलमन आणि सहकाऱ्यांचा १९६१ चा ‘बायोकेमिकल फार्माकॉलॉजी’मधला पेपर. तुम्हाला ठाऊक आहे, पण हे सदर इतरही वाचतात म्हणून थोडक्यात सांगतो. आपल्या मज्जातंतूंच्या टोकाशी अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन निरोप पोचवतं आणि काम झालं की कोलिनेस्टरेज हे एन्झाइम त्याचे तुकडे करतं. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉससारखी ऑर्गनोफॉस्फेट कीटकनाशकं या एन्झाइमलाच चिकटून बसतात. मग अ‍ॅसिटिलकोलिन साचत जातं. डोळ्याची बाहुली बारीक होते, लाळ आणि घाम थांबत नाही, उलट्या होतात, स्नायू थरथरतात आणि शेवटी श्वास अडतो. एलमननं अ‍ॅसिटिलकोलिनच्या जागी गंधकाचा अणू असलेलं अ‍ॅसिटिलथायोकोलिन वापरलं. एन्झाइमनं ते तोडलं की मोकळा झालेला थायोकोलिन डीटीएनबी या रसायनाशी जुळून पिवळा रंग देतो, आणि तो रंग ४१२ नॅनोमीटरवर साध्या स्पेक्ट्रोफोटोमीटरनं मोजता येतो. रंग जितका वेगानं चढतो तितकं एन्झाइम जिवंत. साठ वर्षांहून जास्त काळ जगभरच्या विषशास्त्राच्या प्रयोगशाळा या एका पिवळ्या रंगावर काम करत आहेत. या माणसाचं सायटेशन वाढलं ते कोण्या ग्रुपात गेल्यानं नाही.

दुसरं नाव आपल्या देशातलं घेतो. येल्लाप्रगडा सुब्बाराव. १८९५ मध्ये आंध्रातल्या भीमावरमला जन्म, पुढं हार्वर्ड. सायरस फिस्केबरोबर १९२५ साली त्यांनी रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजण्याची पद्धत दिली. फिस्के-सुब्बाराव पद्धत आपण एम.एस्सी.ला शिकलो, आजही शिकवतो. तिला अफाट सायटेशन मिळाली. पण हार्वर्डनं त्यांना कायम केलं नाही. १९४० मध्ये ते लेडर्ले या औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत गेले. तिथं फॉलिक आम्लाचं काम त्यांच्या देखरेखीखाली झालं आणि त्यातूनच पुढं फॉलिक आम्लाच्या विरोधात काम करणारी कर्करोगाची औषधं निघाली. सिडनी फार्बर यांनी १९४८ मध्ये लहान मुलांच्या ल्युकेमियावर अमिनोप्टेरिन वापरल्याचा जो प्रसिद्ध पेपर लिहिला, ते औषध लेडर्लेतून आलं होतं. लेखकांच्या यादीत सुब्बाराव यांचं नाव नाही. त्याच प्रयोगशाळेतून १९४७ साली डायइथाइलकार्बामाझिन निघालं, म्हणजे डीईसी. तुमच्या शेजारच्या चंद्रपूर-गडचिरोलीत हत्तीरोग दुरीकरण मोहिमेत आशाताई घरोघरी जाऊन समोर उभं राहून ज्या गोळ्या खाऊ घालतात, त्यांतली ही एक. ती गोळी खाणारा कास्तकार कोणाला उद्धृत करणार? सुब्बारावांच्या कामाचा एक भाग सायटेशनमध्ये मोजला गेला, दुसरा कधीच मोजला जाणार नाही, आणि दोन्ही खरे आहेत.

यावरून सायटेशनला किंमतच नाही असं समजू नका. तुमच्या पत्रात एक वळण मला आवडलं नाही. दुसऱ्या पेपराला शून्य सायटेशन म्हणजे खेड्यातल्या कामाला कोणी विचारत नाही, असं तुम्ही धरून चालला आहात. पत्रासोबत आलेले तुमचे दोन्ही पेपर मी वाचले. तुमचं मोजमाप काळजीचं आहे, त्यात शंका नाही. पण दुसऱ्याला ते वापरता येईल असं तुम्ही मांडलेलंच नाही. फवारणीच्या ऐन हंगामात नमुने घेतले आणि पुस्तकातल्या ‘नॉर्मल’ मर्यादेशी ताडून पाहिले, इथंच अडचण आहे. कोलिनेस्टरेज माणसामाणसांत फार वेगळं असतं. ज्याचं मुळातच जास्त आहे त्याचं तिसरा हिस्सा उतरलं तरी तो तुमच्या तक्त्यात ‘नॉर्मल’ दिसतो, आणि ज्याचं मुळातच कमी आहे तो काहीच न होता धोक्यात दिसतो. म्हणून प्रत्येक मजुराची स्वतःची मूळ पातळी हवी, फवारणीला सुरुवात होण्याआधीची.

कॅलिफोर्नियात १९७४ पासून शेतात कीटकनाशक हाताळणाऱ्या कामगारांसाठी हीच पद्धत आहे. आधी महिनाभर विषाशी संबंध नसताना मूळ पातळी घ्यायची. नंतरच्या तपासणीत ती मूळ पातळीच्या ८० टक्क्यांखाली गेली तर कामाची पद्धत तपासायची. लाल पेशींतलं एन्झाइम ७० टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातलं ६० टक्क्यांवर उतरलं तर त्या माणसाला फवारणीवरून बाजूला करायचं, आणि पुन्हा ८० टक्के होईपर्यंत लावायचं नाही. आपल्याकडे कृषी केंद्रातून डबा घेऊन थेट वावरात जाणाऱ्या मजुरासाठी अशी व्यवस्था नाही. म्हणूनच विदर्भातल्या मजुरांच्या मूळ पातळ्या, हंगामाच्या मध्यावरच्या पातळ्या आणि दिवाळीनंतरच्या पातळ्या, त्याच माणसांच्या, सलग, एका पद्धतीनं मोजलेल्या, अशी नोंद ज्याच्याकडे असेल त्याला विचारल्याशिवाय या विषयावर कोणाला लिहिता येणार नाही.

तुमच्यासाठी वेळ ठरलेलीच आहे. अक्षय तृतीयेपासून मृगापर्यंत पऱ्हाटीची फवारणी नसते, तेव्हा मूळ पातळी घ्या. भाजीपाल्यावर किंवा उन्हाळी पिकावर कोणी फवारलं असेल तर त्याला त्या यादीतून वगळा. फक्त वगळू नका, तसं लिहूनही ठेवा.

पद्धतीबद्दल चार गोष्टी सांगतो, मी विश्लेषणाचा माणूस आहे. तुम्ही पूर्ण रक्तावर ४१२ नॅनोमीटरला मोजता. हिमोग्लोबिनचं शोषण त्याच भागात जबरदस्त असतं, त्यामुळं तुमचा पाया वर चढतो आणि बदल बुडतो. पूर्ण रक्तासाठी ४३६ नॅनोमीटरवर मोजण्याची सुधारित पद्धत आहे, ती घ्या आणि एन्झाइमचा आकडा हिमोग्लोबिनच्या प्रमाणात द्या. जमेल तर प्लाझ्मा आणि लाल पेशी दोन्ही मोजा. प्लाझ्मातलं एन्झाइम लवकर उतरतं आणि काही आठवड्यांत भरून येतं. लाल पेशीतलं भरायला पेशीच बदलाव्या लागतात, आणि तिचं आयुष्य सुमारे १२० दिवसांचं. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की विष नुकतंच लागलं की हंगामभर थोडं थोडं साचत गेलं, हे बरंच कळतं. तापमानाची नोंद तुमच्या पेपरात कुठंच नाही. यवतमाळच्या मे महिन्यात आणि डिसेंबरात तुमच्या प्रयोगशाळेतला फरक किती असतो ते तुम्ही जाणता, आणि एन्झाइमचा वेग तापमानावर चालतो. वॉटर बाथ लावा, तापमान लिहा. कार्बामेट गटातल्या औषधांचं बंधन सैल असतं, नमुना पातळ करून ठेवला तर एन्झाइम आपोआप मोकळं होतं आणि निकाल खोटा चांगला येतो. म्हणून बर्फावर आणा आणि लगेच मोजा.

आणखी एक, ही सगळ्यांत महत्त्वाची. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात वीसहून जास्त माणसं गेली आणि शेकडो भरती झाली. तेव्हा वावरात फक्त ऑर्गनोफॉस्फेट नव्हतं. बोंडअळीच्या धास्तीनं लोक दोन-तीन औषधं एकाच पंपात मिसळत होते, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, फवारा अंगावर येत होता. सायपरमेथ्रिन मज्जातंतूच्या सोडियम मार्गांवर काम करतं, डायफेनथियुरॉन पेशीच्या ऊर्जेच्या यंत्रणेवर. ही दोन्ही कोलिनेस्टरेजला हात लावत नाहीत. तेव्हा ‘कोलिनेस्टरेज नॉर्मल, म्हणजे विष लागलं नाही’ हे वाक्य तुमच्या तोंडून किंवा तुमच्या पेपरातून कधीही बाहेर पडता कामा नये. प्रत्येक नमुन्यासोबत डब्यावरचं नाव, घटक, किती मिसळलं, पाठीवरचा पंप की पॉवर स्प्रे, हे लिहून घ्या. डब्याचा फोटो काढून ठेवा. हे करणारं दुसरं कोणी तुमच्या तालुक्यात नाही, आणि बाहेरून महिनाभरासाठी आलेल्या संशोधकाला ते जमतही नाही. त्याला धुऱ्यावर बसून कोणी खरं सांगत नाही, तुम्हाला सांगतात.

खेड्यातल्या कामाला कोण विचारतं, याचं उत्तर गडचिरोलीनं दिलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी करून १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये लिहिलं की ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते. दोनच गावं, पण जगानं दखल घेतली. आणि आपल्याच विषयातलं पाहायचं तर बारामती आहे. ऑर्गनोफॉस्फेटच्या विषबाधेत प्रॅलिडॉक्झिम हे औषध जास्त मात्रेत सलग द्यावं का, याची २०० रुग्णांवरची चाचणी बारामतीच्या दवाखान्यात झाली आणि २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. मृत्यू कमी झाल्याचा त्यांचा निष्कर्ष होता. २००९ मध्ये श्रीलंकेतल्या चाचणीत फायदा दिसला नाही. तेव्हापासून या औषधावर लिहिणारा प्रत्येक जण हे दोन पेपर शेजारी शेजारी उद्धृत करतो, कारण प्रश्न अजून मिटलेला नाही. बारामतीच्या डॉक्टरांना मिळालेली काही सायटेशन त्यांच्याशी असहमत असणाऱ्यांची आहेत. त्यानं त्यांच्या कामाचं मोल कमी होत नाही. त्यांनी एक प्रश्न इतक्या नीट विचारला की त्यांना वगळून पुढं जाता येत नाही.

प्रॅलिडॉक्झिमवरून तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. शिफ बेस सोडून आपण परक्या शास्त्रात शिरलो, असं तुम्हाला वाटतं. ताई, प्रॅलिडॉक्झिम हे ऑक्झिम आहे. ज्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधावर तुम्ही पीएच.डी. केली, तोच बंध त्याच्या मध्यभागी आहे. १९५५ मध्ये कोलंबियात आयर्विन विल्सन यांनी ते पुढं आणलं ते रसायनशास्त्राच्या विचारानं: एन्झाइमला चिकटलेल्या फॉस्फरसवर जोरात हल्ला करणारा ऑक्सिजन हवा, आणि औषधाच्या रेणूवर धन प्रभार हवा म्हणजे तो एन्झाइमच्या खोबणीत जाऊन नेमका बसेल. तुम्हाला हे कोणी न शिकवताही फळ्यावर काढता येईल. डॉक्टरांना ते औषध देता येतं, ते का चालतं आणि उशीर झाला की का चालत नाही, हे तुम्ही सांगू शकता.

म्हणून नवी शिफ बेस संयुगं करून ई. कोलाय आणि स्टॅफिलोकोकसवर टाकायची आणि किती मिलिमीटरची गोल जागा मोकळी झाली ते छापायचं, या वाटेला पुन्हा जाऊ नका. असे हजारो पेपर आहेत, ते एकमेकांना उद्धृत करतात आणि त्यातून औषध जवळपास कधीच निघत नाही. हळदीतल्या कुर्क्युमिनचं उदाहरण समोर आहे. त्यावर सायटेशनचा डोंगर आहे, शंभराहून जास्त चाचण्या झाल्या. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्याच जर्नलमध्ये आढावा आला की तो रेणू अस्थिर आहे, शरीरात टिकत नाही आणि चाचण्यांच्या यंत्रणेलाच फसवतो.

आता फाइलीपुरतं. तुमचे पीएच.डी.चे पेपर माहेरच्या आडनावानं आहेत आणि नंतरचे सासरच्या, असं तुमच्या यादीवरून दिसलं. स्कोपसमध्ये तुम्ही दोन वेगवेगळ्या बाया आहात. ऑर्किड (ORCID) हा संशोधकाचा ओळख क्रमांक फुकट मिळतो, तो काढा, सगळे पेपर त्यात घाला आणि स्कोपसला दोन्ही प्रोफाइल एकत्र करण्याची विनंती ऑनलाइन पाठवा. तुमचा पाच एवढ्यानंच वाढण्याची शक्यता आहे, आणि तो वाढलेला आकडा सगळा तुमचाच असेल. पेपरासाठी पैसे भरावे लागतातच असं नाही. वर्गणीवर चालणाऱ्या चांगल्या जर्नलला लेखकाकडून काही लागत नाही. पाठवण्याआधी त्या जर्नलचा शुल्काचा नियम पाहून घ्या. शीर्षकात ‘काही अभ्यास’ असं मोघम लिहू नका. कोलिनेस्टरेज, कापूस, फवारणी करणारे, मूळ पातळी, विदर्भ हे शब्द शीर्षकातच आले पाहिजेत, कारण कोलंबोत बसलेला डॉक्टर तेच टाइप करून शोधणार आहे. नावं काढून टाकलेला सगळा कच्चा तक्ता झेनोडोसारख्या मोफत भांडारात ठेवा, त्याला स्वतंत्र डीओआय (कायमचा ऑनलाइन ओळख क्रमांक) मिळतो आणि लोक तक्त्यालाही उद्धृत करतात. आणि त्याच २०१८ च्या नियमावलीत राज्य सरकारला सादर केलेल्या धोरणविषयक दस्तऐवजाला ४ गुण आहेत. जिल्हाधिकारी आणि कृषी अधीक्षकांना जे लिहायला तुम्ही कचरत असाल, ते नीट तयार करून राज्यस्तरावर सादर केलंत तर फाइलीतही मोजलं जाईल. गुण लहान आहेत, कागद लहान नाही.

मजुरांना त्यांचा निकाल सांगता का, हे तुम्ही लिहिलं नाहीत. “मॅडम, माह्यं रक्त खराब झालं काय?” असं विचारणाऱ्या माणसाला ‘रिपोर्ट यायचा आहे’ म्हणून परत पाठवू नका. निकाल त्याचा आहे. तो डॉक्टरांमार्फत, त्याच्या बोलीत, त्याच आठवड्यात त्याला मिळाला पाहिजे. एन्झाइम उतरलं असेल तर फवारणीपासून दूर राहा हे सांगताना त्याची मजुरी बुडते, हेही लक्षात ठेवा. फवारणीला इतर कामापेक्षा जास्त रोज मिळतो म्हणूनच तो जातो. वावरवाल्याशी बोलून त्याला त्या दिवसांत वेचणीचं किंवा दुसरं काम मिळेल असं पाहणं तुमच्या हातात थोडंफार असेल, तर करा.

या सगळ्याला एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि तुमच्या कॉलेजात ती नाही. यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातल्या औषधशास्त्र किंवा जनऔषधवैद्यक विभागातल्या एखाद्या डॉक्टरांना सहलेखक म्हणून बरोबर घ्या आणि त्यांच्यामार्फत अर्ज करा. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं समोर ठेवून संमतिपत्रक मराठीत लिहा, आणि कोलामी बोलणारे मजूर असतील तर त्यांना ते वाचून दाखवणारं माणूस ठरवा. अक्षय तृतीयेला पहिला नमुना घ्यायचा तर अर्ज हिवाळ्यातच गेला पाहिजे. मसुदा झाला की मला पाठवा, मी वाचून देईन. तापमान कसं राखणार आणि नमुना किती वेळात मोजणार, हे पहिल्याच पानावर असू द्या. कमिटीतला औषधशास्त्राचा माणूस आधी तेच विचारेल.